बेय्टाने ब्लास्टर का उचलला

आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकथांच्या गाथेत, ट्रँटर ग्रहावरच्या जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एब्लिंग मिस हा शास्त्रज्ञ अखेरच्या घटका मोजत आहे. दुसरे फाउंडेशन ही मनांवर ताबा चालवू शकणाऱ्यांची गुप्त संस्था आकाशगंगेत नेमकी कोठे लपली आहे याचा त्याला अखेर शोध लागला आहे. तो ते सांगण्यासाठी तोंड उघडतो आणि शब्द बाहेर पडण्यापूर्वीच बेय्टा डॅरेल त्याच्यावर ब्लास्टर चालवते. खोलीत तिचा नवरा टोरान आहे, आणि मॅग्निफिको नावाचा काटकुळा, लांब नाकाचा, सदा भेदरलेला विदूषक आहे. आपल्या बायकोला वेड लागले असावे असे टोरानला वाटते. मग बेय्टा शांतपणे उलगडून सांगते, की आपण जेथे जेथे गेलो तेथे तेथे पराभव आणि नैराश्य पसरत गेले, आणि अशा प्रत्येक ठिकाणी हा विदूषक आपल्यासोबत होता. माणसांच्या भावना हव्या तशा वळवून एकेक ग्रह जिंकत सुटलेला म्यूल दुसरातिसरा कोणी नसून हाच आहे, आणि ते ठिकाण त्याला कळू नये म्हणून तिने मिसला मारले. पकडला गेलेला म्यूल तेव्हा जे उत्तर देतो त्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा हाती घेतले आहे. तो म्हणतो, की मी सर्वांची मने वाकवली, पण बेय्टाच्या मनाला हात लावला नाही, कारण तिला माझ्याविषयी जी माया वाटत होती ती आपोआप वाटत होती. मी न घडवलेली तेवढी एकच माया माझ्या वाट्याला आली होती आणि ती मला मोडवली नाही. जग जिंकणाऱ्याचा पराभव त्या न मोडलेल्या मायेतून होतो.

या गाथेवर ॲपल टीव्ही प्लसने २०२१ पासून जी भव्य मालिका चालवली आहे, तिच्या २०२५ मधल्या तिसऱ्या पर्वात हाच प्रसंग मुळापासून उलटवलेला आहे. तेथे दहा भाग एक क्रूर, देखणा समुद्री चाच्यासारखा माणूस म्यूल म्हणून वावरतो, मालिकेची गणिती नायिका गाल डॉर्निक अखेर त्याला ठार करते, आणि मग कळते की तो केवळ पुढे केलेला मुखवटा होता. खरा म्यूल बेय्टा आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही किंवा मालिका पाहिलेली नाही त्यांची मी येथेच क्षमा मागते, कारण या दोन्ही शेवटांविषयी बोलल्याशिवाय मला जे म्हणायचे आहे ते म्हणता येणार नाही.

बदलांना माझा विरोध नाही. सुप्रसिद्ध विज्ञानकथा नव्याने सांगताना जो मूळ कथानकाला हात लावायला घाबरतो त्याच्या हातून बहुधा एक निर्जीव प्रत तयार होते, आणि 'फाउंडेशन'च्या बाबतीत तर तशी प्रत तयार करणेही अशक्य होते. ही गाथा मुळात सलग कादंबरी नाही. १९४२ पासून १९५० पर्यंत 'अस्टाउंडिंग' या मासिकात सुट्या कथांच्या रूपाने ती प्रसिद्ध झाली आणि १९५१ ते १९५३ या काळात तिचे तीन खंड निघाले. बारा हजार वर्षे टिकलेले आकाशगंगेचे साम्राज्य कोसळणार आहे आणि त्यानंतर तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार आहे, असे हॅरी सेल्डन हा गणिती सायकोहिस्टरीच्या, म्हणजे मोठ्या लोकसमूहांचे वर्तन गणिताने वर्तवणाऱ्या शास्त्राच्या, साहाय्याने सिद्ध करतो. ते कोसळणे आता टाळता येत नाही. मात्र अंधारयुग एक हजार वर्षांवर आणता येईल, आणि त्यासाठी तो आकाशगंगेच्या टोकावरच्या टर्मिनस ग्रहावर ज्ञानकोशाच्या निमित्ताने एक वसाहत वसवतो; तीच फाउंडेशन. पुढची प्रत्येक कथा काही दशके उडी मारते. मागच्या कथेतील माणसे पुढच्या कथेत मेलेली असतात. जी माणसे आहेत ती खोलीत बसून बोलतात. युद्धे होतात ती बहुतेक वेळा दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत. पुढे अनेक वर्षांनी चौथा खंड लिहिण्यासाठी असिमोव्ह यांनी स्वतःच हे तीन खंड पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा काहीतरी घडेल याची ते वाट पाहत राहिले आणि काहीच घडले नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पहिल्या खंडात स्त्रिया जवळजवळ नाहीतच. अशा पुस्तकाला जसेच्या तसे पडद्यावर आणा असे म्हणणारा वाचक त्या पुस्तकावर प्रेम करत असेल, पण त्याला दृश्यमाध्यमाची गरज ठाऊक नसते.

शिवाय या गाथेतला सर्वांत धाडसी बदल १९४५ सालीच होऊन गेला होता. सेल्डनची योजना अचूक चालली आहे, प्रत्येक संकटातून फाउंडेशन तावून सुलाखून निघत आहे, असे चालू असताना संपादक जॉन कॅम्पबेल यांनी असिमोव्ह यांना सांगितले, की आता ही योजना उधळून लावा. तरुण असिमोव्ह यांना ते मुळीच पसंत नव्हते, परंतु कॅम्पबेल मागे हटले नाहीत, आणि त्या आग्रहातून म्यूल जन्माला आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अंकांत ती कथा छापली गेली. पुढे १९८२ च्या खंडात असिमोव्ह यांनी सेल्डनच्या योजनेपेक्षाही वेगळे भवितव्य आकाशगंगेसाठी निवडले, आणि १९८६ च्या खंडात तर सर्व इतिहासाच्या मागे वीस हजार वर्षे एक यंत्रमानव उभा होता असे सांगून टाकले. स्वतः लेखकच ज्या गाथेचा पाया वारंवार उकरत राहिला, तिच्या बाबतीत पावित्र्याची भाषा करणे मला पटत नाही.

म्हणून बदल किती मोठा आहे हे मी मोजत नाही. मूळ कथेत ती घटना कोणते काम करत होती, आणि ती काढून घेतल्यावर ते काम आता कोण करणार, हे मी पाहते. या एकाच मालिकेत दोन प्रचंड बदल आहेत. त्यांतला एक मला मूळ लेखकालाही न सुचलेला आणि तरीही त्याच्याच विचाराचा वाटतो, तर दुसऱ्यामुळे माझ्या मते गाथेचा एक अवयवच गळून पडला आहे.

पहिला बदल क्लिऑनचा. पुस्तकात साम्राज्य दूरवर कोठेतरी मरत असते. त्याचे सम्राट आपल्याला क्वचित भेटतात, आणि क्लिऑन हे नाव असलेले जे दोन सम्राट गाथेत येतात तेही एकमेकांपासून वेगळे, सामान्य राजे आहेत. मालिकेच्या कर्त्यांनी त्या नावाभोवती एक संपूर्ण वंश रचला. पहिल्या क्लिऑनने स्वतःचे क्लोन तयार करून ठेवले आणि शतकानुशतके सिंहासनावर तोच माणूस बसत राहिला. कोणत्याही वेळी तिघे भाऊ असतात: लहानगा किंवा तरुण 'डॉन', राज्य करणारा 'डे' आणि वृद्ध सल्लागार 'डस्क'. काळ पुढे सरकला की पहाट दिवस होते, दिवसाची संध्याकाळ होते, आणि जो सर्वांत वृद्ध आहे त्याला 'डार्कनेस' हे नाव देऊन समारंभपूर्वक नाहीसे केले जाते. त्याच वेळी नवे तान्हे बाळ आणले जाते. ली पेस हा नट पर्वागणिक वेगळा क्लिऑन होतो, पण चेहरा तोच राहतो.

या कल्पनेचे मोल समजायचे असेल तर दिग्दर्शकापुढची अडचण आधी समजून घ्यावी लागते. प्रेक्षकाला चेहरा लागतो, आणि ही गाथा चेहऱ्यांची नाही. येथे शतके पात्र आहेत, संस्था पात्र आहेत. एखादा नट पुढच्या भागात दिसलाच नाही तर प्रेक्षक तुटतो. आणि तोच नट दीडशे वर्षे जगताना दाखवला तर गाथेचा अर्थ तुटतो. क्लोनांच्या वंशाने ही गाठ अशी सोडवली, की चेहरा टिकतो आणि माणूस मात्र टिकत नाही. जे टिकते ते आसन असते. संस्था स्वतःला कशी पुन्हा पुन्हा जन्माला घालते, आपण कधीच बदलणार नाही या हट्टात ती कशी गोठते, आणि त्या गोठण्यातच तिचे मरण कसे असते, हे असिमोव्ह यांनी संवादांतून आणि ज्ञानकोशातल्या उताऱ्यांतून सांगितले. मालिकेने ते एका जेवणाच्या टेबलावर दाखवले, जेथे तीन वयांचा एकच माणूस एकाच लयीत हात हलवून घास घेतो. ते दृश्य पाहिले तेव्हा साम्राज्य का पडणार हे मला गणिताशिवाय कळले.

मग त्या बंद आवर्तनात फट पडते. पहिल्या पर्वातला तरुण डॉन रंगांधळा निघतो. एवढासा फरक, परंतु ज्या घराण्याच्या अस्तित्वाचे कारणच अभिन्नता हे आहे तेथे तो देहदंडाचा गुन्हा ठरतो, आणि तो मुलगा आपल्या दोघा भावांपासून स्वतःचे डोळे लपवत जगतो. पुढे समजते की पहिल्या क्लिऑनच्या मूळ गुणसूत्रांतच कोणीतरी ढवळाढवळ केली होती, म्हणजे आपण सारे हुबेहूब आहोत ही समजूत केव्हाच खोटी ठरली होती. त्याच पर्वात डे एका धर्माच्या यात्रेला जातो, कारण क्लोनला आत्मा नसतो असे एक साध्वी जाहीरपणे म्हणत असते. तो सम्राटपणाची सारी सुरक्षा उतरवून, उपाशी, अनवाणी ती परिक्रमा पूर्ण करतो, गुहेत पोचतो, आणि त्याला काहीच दिसत नाही. बाहेर येऊन तो साक्षात्काराची कहाणी रचून सांगतो, आणि सारे त्यावर विश्वास ठेवतात. फक्त त्याची यंत्रमानव सेविका डेमर्झेल ती कहाणी खोटी आहे हे ओळखते. पुस्तकात यातली एक ओळही नाही. तरीसुद्धा मला तो भाग पाहताना असिमोव्ह यांच्या जवळ गेल्यासारखे वाटले, कारण साम्राज्याला आपल्या आत काहीच उरलेले नाही हे ठाऊक असते आणि तरी त्याला आहे म्हणून सांगावे लागते, हे त्यांच्या तीनही खंडांमागचे सत्य आहे. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी हा वंश कोणा शत्रूच्या आरमाराने बुडत नाही. तो आपल्याच सर्वांत वृद्ध भावाच्या हातून संपतो, कारण मरणाची त्याची पाळी आलेली असते आणि त्याला मरायचे नसते. सेल्डनने वर्तवलेले पतन असेच आतून यायला हवे होते.

काही बदलांविषयी फार बोलण्याची गरज नाही. गाल डॉर्निक आणि सॅल्व्हर हार्डिन ही पुस्तकातली पुरुष पात्रे मालिकेत स्त्रिया आहेत यावरून जो गदारोळ झाला तो मला निरर्थक वाटतो. पुस्तकातला गाल हा ट्रँटरवर नुकताच आलेला, भांबावलेला तरुण गणिती आहे, त्याचे पुरुष असणे कथेत काहीच काम करत नाही. हार्डिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. पुस्तकातला हार्डिन हा बळाचा वापर म्हणजे नालायकांचा अखेरचा आसरा असे मानणारा नगराध्यक्ष आहे आणि तो एकही शस्त्र न उचलता शेजारची राज्ये एकमेकांविरुद्ध अडकवून टर्मिनस वाचवतो. मालिकेतली हार्डिन खांद्याला बंदूक लावून सीमेवर पहारा देते. तिचे स्त्री असणे मला मुळीच खटकले नाही, पण ती बंदूक खटकली.

खरा प्रश्न गालच्या आणि सॅल्व्हरच्या अंगी दिलेल्या शक्तीपासून सुरू होतो. मालिकेतल्या गालला पुढचे घडणारे आधी जाणवते, सॅल्व्हरलाही तशीच देणगी आहे, आणि नंतर कळते की सॅल्व्हर ही गालचीच मुलगी आहे. एका घराण्यात उतरलेली दिव्य दृष्टी आणि तिच्या जोरावर आकाशगंगा वाचवणारी निवडलेली माणसे ही कथा पडद्यावर कितीतरी वेळा सांगून झाली आहे. सायकोहिस्टरी त्याच्या नेमकी उलट दिशेने जाते. अब्जावधी लोकांचा समूह कसा वागेल हे सांगता येते, एकटा माणूस कसा वागेल हे सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही नसते, कारण इतिहासाच्या तराजूवर एकट्या माणसाचे वजन भरत नाही. हे या शास्त्राचे गृहीतक आहे. ते वाचकाला झोंबते, म्हणूनच ते महत्त्वाचे आहे.

मी महाविद्यालयात असताना हे गृहीतक पहिल्यांदा वाचले तेव्हा ते मला फार झोंबले होते, आणि त्याचे एक कारण मराठी होते. डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मी त्याआधीच वाचली होती. १७६१ च्या त्या रणात विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे किंचित चुकते, आणि तेवढ्या अंतराने साऱ्या हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेने चालू लागतो. ज्या घरांत पानिपताची हळहळ पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली आहे तेथे एका गोळीने इतिहास फिरतो हे सांगावे लागत नाही. त्यामुळे एका गोळीने काहीही फरक पडत नाही, विश्वासराव वाचले असते तरी प्रवाह आपल्याच ठिकाणी पोचला असता, असे सांगणारा अमेरिकी लेखक समोर आला तेव्हा मी त्याच्याशी मनातल्या मनात कडाडून भांडत तो खंड वाचत गेले. बेल रीओज या सेनापतीच्या प्रकरणापर्यंत असिमोव्ह माझ्यावर मात करत राहिले. रीओज शूर आहे, कर्तबगार आहे, तो फाउंडेशनला जवळपास जिंकतो. परंतु दुबळ्या सम्राटाच्या हाताखाली बलवान सेनापती बाहेरची युद्धे करत नाही, आणि बलवान सम्राट बलवान सेनापतीला जिंकू देत नाही, म्हणून रीओजला परत बोलावून मारले जाते. फाउंडेशनच्या माणसांनी केलेल्या खटपटींचा त्या निकालाशी काडीचाही संबंध नसतो. हे वाचून मी हरल्यासारखी बसले होते.

आणि मग म्यूल येतो. तो समूहात बसत नाही, गणितात बसत नाही. तो एकटा आहे आणि एकट्याने सर्व उधळून टाकतो. सेल्डनने मृत्यूपूर्वी मुद्रित करून ठेवलेली प्रतिमा ठरल्या वेळी टर्मिनसवरच्या व्हॉल्ट नावाच्या दालनात प्रकट होते आणि भलत्याच संकटाविषयी, व्यापाऱ्यांशी होणाऱ्या यादवीविषयी, आत्मविश्वासाने बोलू लागते. बाहेर म्यूलची जहाजे येऊन ठेपली आहेत आणि हा थोर पुरुष न घडलेल्या इतिहासाबद्दल बोलतो आहे. विज्ञानकथेत मी वाचलेल्या अत्यंत भयंकर क्षणांपैकी तो एक आहे. मालिकेने सेल्डनला ऐकणारा, उत्तर देणारा, चिडणारा अंकीय (डिजिटल) पुरुष केले, आणि जॅरेड हॅरिस यांनी तो उत्तम वठवलाही. पण ज्याला समोरच्याचे ऐकू येते त्याच्याकडून नेमकी ही चूक होऊच शकत नाही. मुद्रित सेल्डनचा बहिरेपणा हे योजनेचे सामर्थ्यही होते आणि तिची मर्यादाही. तो गेला तेव्हा हा प्रसंगही हातचा गेला.

म्यूलच्या विरोधात मग कोण उभे राहते? गणित हरले आहे, आरमारे हरली आहेत, सेल्डन चुकला आहे. उभी राहते एक नवविवाहित स्त्री, जिच्यापाशी कोणतीही शक्ती नाही, जिने एका विद्रूप विदूषकाला केवळ कणव येऊन जवळ केले. सगळ्या गाथेत एकट्या माणसाच्या हातून सुटलेला आणि इतिहासाला लागलेला तेवढा एकच नेम आहे. माझ्या पानिपताच्या भांडणाला असिमोव्ह यांनी दिलेले उत्तर तेथे होते, आणि ते मला अजूनही पुरते: समूहाचा नियम मोडणारा माणूस एकटा असेल तर त्याला अडवणाराही एकटाच असावा लागतो, आणि त्याच्या हाती म्यूलच्या शक्तीहून मोठी शक्ती असण्याची गरज नाही, म्यूलने ज्या मनाला हात लावला नाही तेवढे एक मन असले म्हणजे पुरे. पुढच्या खंडात म्यूलचा निकाल दुसऱ्या फाउंडेशनचे मनोबलधारी लावतात हे खरे आहे; पण त्यांना त्यासाठी लागणारी वर्षे बेय्टाने मिळवून दिलेली असतात.

मालिकेने बेय्टालाच म्यूल केले तेव्हा हे सर्व एका फटक्यात पुसले गेले. माझा भाचा, ज्याने पुस्तके वाचलेली नाहीत, तो भाग संपताच अक्षरशः टाळ्या वाजवत उठला. मी गप्प आहे असे पाहून त्याने विचारले, "मावशी, तुला तर विदूषक म्यूल आहे हे आधीच माहीत होते ना? मग तुझ्यासाठीसुद्धा काहीतरी राखून ठेवले म्हणून तू त्यांचे आभार मानायला हवेत." त्याचे म्हणणे मी मनापासून ऐकले, कारण त्यात तथ्य आहे. मूळ कथेचा सारा डौल एका रहस्यावर उभा आहे आणि ते रहस्य ऐंशी वर्षे जुने झाले आहे. मॅग्निफिको पडद्यावर आला की वाचलेला प्रेक्षक त्याच्याकडे बोट दाखवणार हे कर्त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी त्या बोटाचाच उपयोग करून घेतला; जाणकाराला विदूषक आणि अजाणाला चाचा दाखवत ठेवून त्यांनी दोघांनाही चकवले. शिवाय बेय्टा ही गाथेतली पहिली मोठी स्त्री. तिला कोणाची तरी पत्नी म्हणून न ठेवता आकाशगंगेची सर्वांत भयंकर शक्ती केले, यात तिचा सन्मान आहे असेही कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. पुस्तकातली बेय्टा ही कोणाची तरी पत्नी म्हणून लक्षात राहत नाही. खोलीतल्या पुरुषांपैकी कोणालाही जे दिसले नाही ते पाहणारी आणि आवडत्या वृद्धाला मारण्याचा भार उचलणारी म्हणून ती लक्षात राहते. ती तेथे निर्णय घेते. शक्ती तिला लागत नाही.

भाच्याला मी जे सांगितले ते असे, की रहस्य जुने झाले होते, पण त्याच्यामागचा प्रश्न जुना झाला नव्हता. विदूषक म्यूल निघतो हा धक्का एकदाच बसतो. बेय्टाला तो का वश करू शकला नाही, हे प्रत्येक वाचनात नव्याने लागते. कर्त्यांनी धक्का नवा केला आणि त्यासाठी तो प्रश्न खर्ची घातला. क्लिऑनच्या बाबतीत त्यांनी याच्या नेमके उलट केले होते. तेथे कथानक पूर्णपणे त्यांचे होते आणि प्रश्न असिमोव्ह यांचा होता. म्हणूनच तो बदल मोठा असूनही घरचा वाटला, आणि हा मात्र एका ओळीत सांगता येण्याएवढा लहान असूनही परका वाटला.

गाथेत बदल करताना आणखी एक जबाबदारी येते, जी सुट्या कादंबरीत येत नाही. येथे प्रत्येक घटनेला पुढे वंशज असतात. बेय्टाची नात आर्केडी ही तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धाची नायिका आहे. चौदा वर्षांची, कादंबरीकार होऊ पाहणारी, चौकस मुलगी. माझ्या आजीने म्यूलला थांबवले या अभिमानावर ती साहसाला निघते, आणि दुसरे फाउंडेशन तिच्या त्याच घराण्याच्या वलयाचा वापर करून घेते. आता मालिकेला आर्केडी आणायची असेल तर ती कोणत्या आजीची नात असेल? बदल करणाऱ्याने हे प्रश्न पुढच्या पर्वावर ढकलून चालत नाही. त्याने बदल लिहिण्याच्या दिवशीच ते स्वतःला विचारलेले असले पाहिजेत. क्लिऑन वंश लिहिणाऱ्यांनी ते विचारले होते असे मला वाटते, कारण पहिल्या पर्वातला रंगांधळा मुलगा, दुसऱ्या पर्वात उलगडलेली डेमर्झेलची खरी सत्ता आणि तिसऱ्या पर्वातला विनाश ही एकच रेघ आहे.

मला स्वतःला काय आवडले असते हे सांगितल्याशिवाय नुसते दोष दाखवणे योग्य नाही. रहस्य जुने झालेच होते तर विदूषक म्यूल आहे हे प्रेक्षकाला आरंभीच सांगून टाकता आले असते. मग बेय्टा त्याला जेवू घालताना, त्याच्या वाद्याचे कौतुक करताना, त्याला सैनिकांपासून वाचवताना आपण पाहत राहिलो असतो, आणि म्यूल हळूहळू तिच्या मायेला भिऊ लागला आहे हे आपल्याला तिच्या आधी कळले असते. तेव्हा तो मनातल्या मनात हात पुढे करतो आणि मागे घेतो, याचे दहा भाग झाले असते. तोही मूळ कथानकातला मोठा बदल ठरला असता, कारण असिमोव्ह यांनी जे अखेरच्या पानावर ठेवले ते पहिल्या पानावर आले असते. पण त्या बदलाने बेय्टाचे काम बेय्टाकडेच राहिले असते.

चौथे पर्व मंजूर झाले आहे, आणि मी ते पाहणार आहे. आता मालिकेत म्यूल बेय्टा आहे आणि टोरान तिच्यावर जीव टाकणारा तिचा नवरा आहे. त्याचे प्रेम तिने घडवले असेल तर ती पुस्तकातल्या म्यूलहून कितीतरी अधिक एकटी आहे. ते आपोआप उमललेले असेल आणि तिने त्याला कधीच हात लावला नसेल, तर असिमोव्ह यांनी विदूषकाच्या तोंडी दिलेले उत्तर या वेळी तिच्या तोंडी येऊ शकते, आणि ब्लास्टर उचलण्याची पाळी टोरानवर येऊ शकते. कर्त्यांनी ही शक्यता पाहिली आहे की नाही हे मला तिसऱ्या पर्वावरून ओळखता आले नाही.